पालथा हुकूम

९ नोव्हें., रवि.
आज पाण्याचा दिवस. नळ उशिरा आला अन् बोटाएवढा आला. पिंप भरलं, हंडे भरले, बादल्या भरल्या, शेवटी कुकरबी भरून ठेवला. एकट्या माणसाला एवढं पाणी कशाला, पण सवय. सुमन असती तर म्हणली असती, आता वाट्या तेवढ्या राहिल्या.

ती पुण्याला. दसरा झाला अन् वैशूच्या बाळंतपणाला गेली ती तितंच. नात झाली. फोटोत बघितली, नाक माझ्यावर गेलंय. बिचारी पोर.

दुपारी शेजारी सायबण्णाकडं. पत्ते काढले, पिसले, अन् वाटायला घेतलं तर चौथं माणूसच न्हाय. मेंढीकोट चौघांचा खेळ. मी अन् सायबण्णा भिडू, समोरासमोर. सुमन अन् महादेवीवहिनी भिडू, समोरासमोर. बाप्ये एकीकडं, बाया एकीकडं. कॉलनीत राहायला आलो तवापासनं हीच रीत, नवरा-बायको एका बाजूला घ्यायचे न्हाईत. सायबण्णा अन् वहिनी अक्कलकोटकडचे. दोघं भिडू झाले अन् मधेच कानडीत एक शब्द टाकला तर आमाला काय कळतंय? म्हणून.

मग तीन-दोन-पाच खेळलो. त्यात भिडू नसतो. कुणी पाच हात करायचे, कुणी तीन, कुणी दोन, ज्याचं त्यानं बघायचं. कमी पडला की पुढच्या डावाला दुसरा तुझ्या हातातनं न बघता पान ओढून नेणार. वहिनींनी माझा बदामचा एक्का ओढला. करमलं न्हाय. लवकर घरी.

११ नोव्हें., मंगळ.
सुमनचा फोन. आणखी महिनाभर तरी राहावं लागंल. वैशूची कंबर धरलीय, जावईबापू दिवसभर कंपनीत. मी म्हणलो, राहा की. मला काय धाड भरलीय.

"जेवण?"

"झकास."

भाकरी थापली हुती. एका कडंनं जाड, एका कडंनं भोक. शेवटी दुकानातनं कडक भाकरी आणली, शेंगाच्या चटणीत तेल घातलं अन् खाल्ली. ती मोडायचा आवाज एवढा झाला की मलाच दचकल्यासारखं झालं. घरात दुसरा आवाजच न्हाय ना.

१६ नोव्हें., रवि.
सायबण्णानं चौथा भिडू आणला. पलीकडच्या गल्लीतल्या देशमुखबाई, शाळेतनं रिटायर झालेल्या. रमी येती. म्हणाल्या, "मेंढीकोट कसं खेळतात ते जरा लिहून द्या, म्हणजे गोंधळ नको." कॅलेंडरच्या मागं लिहून दिलं. हितंबी उतरवून ठेवतो.

बावन्न पानं, चौघांना तेरा-तेरा. वाटणाऱ्याच्या उजव्या हाताला जो बसलाय त्यानं आपल्यातलं एक पान पालथं ठेवायचं. त्या पानाचा रंग तो हुकूम. कुणाला दाखवायचा न्हाय, भिडूलाबी न्हाय. जो रंग उतरंल तोच रंग द्यायचा. नसंल तर कुठलंबी पान टाकून गप बसा, न्हाईतर म्हणा, हुकूम खोला. म्हणलं की ठेवणाऱ्याला खोलावाच लागतो. पण कुणी इचारल्याशिवाय तो आपणहून खोलत न्हाय.

दश्शी म्हंजे मेंढी. का म्हणतात मला इचारू नका. तीन मेंढ्या धरल्या की डाव तुमचा. दोन-दोन झाल्या तर ज्याचे सात हात त्याचा. चारी मेंढ्या एकाच बाजूला गेल्या तर दुसऱ्यांवर कोट बसला. अन् तेराच्या तेरा हात गेले तर बावनपानी, ते आमच्यात एकदाच झालंय, आमच्यावरच झालंय, त्याबद्दल आमी बोलत न्हाय. हरलेल्यानंच परत पिसायचं. कोट बसला तर चहाबी हरलेल्यांनीच करायचा, बाप्ये असले तरी.

बाईंनी दोनदा वाचलं. "पॉइंट कसे मोजायचे?"

पॉइंट न्हाईत, म्हणलं.

"मग शेवटी कोण जिंकलं ते कसं कळणार?"

सायबण्णा म्हणाला, "शेवट कुटला आलाय बाई. उद्या परत बसायचं की."

बाई सुमनच्या जागेवर बसल्या, माझ्या उजव्या हाताला. वहिनींचा राजा हात घेऊन चालला हुता, त्यावर बाईंनी एक्का टाकला. स्वतःच्या भिडूवर! वहिनी कानडीत काहीतरी बोलल्या. कळलं न्हाय पण कळलं.

१७ नोव्हें., सोम.
देशमुखबाई आल्या न्हाईत. बरं झालं. तिघंच. तीन-दोन-पाच.

२३ नोव्हें., रवि.
डोक्यात एक कल्पना. व्हिडिओ फोनवर सुमनला खेळवायचं. अडचण अशी, तिची पानं धरणार कोण? मी धरली तर मला दिसणार, मी दुश्मन. वहिनी धरू शकत न्हाईत, भिडूनं भिडूची पानं बघायची न्हाईत. सायबण्णा माझा भिडू.

लाकडाची पट्टी घेतली, करवतीनं लांब खाच पाडली, पानाच्या जाडीला जरा सैल. तीस वर्षं चिंचोळीच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली, एवढं येतंय. खाचेत पानं उभी राहतात. तोंडं फोनकडं, पाठी आमच्याकडं. फोन शेंगदाण्याच्या डब्याला टेकून सुमनच्या जागेवर. ती तिकडनं सांगणार, आमी पाठीला धरून पान काढून टाकणार.

सुमनला सांगितलं तर आधी हसली. मग म्हणली, "उद्या दुपारी पोर झोपती तवा करा."

घर झाडून घेतलं. चादर अंथरून बघितली. उगंच.

२४ नोव्हें., सोम.
खेळलो! एकदम झ्याक सुरुवात. सुमनला आमचं घर इकडनं तिकडं पाठ. म्हणायची, "खिडकीकडनं दुसरं." "भिंतीकडचं टोकाचं." पानं रंगानं लावता येईनात म्हणून कुरकुर केली, पण खेळत हुती. वहिनींचा आवाज एवढा चढला की फोनची गरज पडली नसती, पुण्यापर्यंत गेला असता.

मग ते झालं. तीन मेंढ्या आमच्याकडं आल्या हुत्या. राहिली किल्वरची. मी किल्वरचा एक्का उतरला. तिची पाळी. तिकडं बाळ कुरकुरलं, घाईघाईत म्हणली, "डावीकडनं तिसरं." मी डावीकडनं तिसरं काढलं अन् टाकलं. किल्वरची दश्शी! चौथी मेंढी अलगद माझ्या एक्क्याखाली. कोट.

"अहो, ते न्हाय! माझ्या डावीकडनं. मला तिर्री टाकायची हुती."

बरोबर हाय. ती पानाच्या तोंडाकडनं बघणार, मी पाठीकडनं. तिची डावी ती माझी उजवी. फिटर माणसाच्या ध्यानात यायला पायजे हुतं.

सायबण्णा म्हणाला, "तात्या, ठेव परत ते. तिर्री काढ."

मी म्हणलो, पडलं पान ते पडलं. आजपातुर कुणाला परत घेऊ दिलंय का? नियम म्हंजे नियम. अन् हसलोबी. कोट बसला, करा चहा, असं काहीतरी बोललो.

सुमन म्हणली, "मी ते पान म्हणलेच न्हवते."

मी म्हणलो, डावी म्हणलीस न्हवं?

वहिनींनी हातातली पानं चादरीवर टाकली. सुमन म्हणली पोर उठलीय. फोन बंद.

चहा कुणीच केला न्हाय.

२७ नोव्हें., गुरु.
फोन न्हाय. वैशूनं बाळाचा फोटो टाकला, टोपडं घातलेला. सुमनला फोन लावला तर उचलला वैशूनं. आई आंघोळीला गेलीय. परत लावला, आई भाजी आणायला गेलीय. पुण्यात एवढी भाजी कोण खातंय?

सायबण्णाकडं गेलो न्हाय. वहिनींनी भिंतीपलीकडनं हाक मारली, "भाऊजी, गव्हाची गोड हुग्गी केलीय." म्हणलं पोट बरं न्हाय.

माझंच बरोबर हुतं, नियमानं. पण बरोबर असून बसायचं कुणाबरोबर?

३० नोव्हें., रवि.
पट्टी काढली. पॉलिश पेपर मारला. लाल पेंट आणला, लहान ब्रश. एक ते तेरा आकडे घातले, पुढनंबी अन् मागनंबी, एकाच जागेला एकच आकडा. पुढच्या पाचाच्या बरोबर मागं पाच. सुतळी धरून तपासलं. आता डावी-उजवी भानगडच न्हाय, नंबर सांगायचा.

दोन्ही बाजूंचे फोटो काढून सुमनला पाठवले. वर काय लिहावं सुचंना. काहीच लिहिलं न्हाय.

निळ्या खुणा आल्या. म्हंजे बघितलं. दुपार गेली. दिवे लागायला उत्तर आलं: "आठ वाकडा आलाय."

आठ परत रंगवला.

३ डिसें., बुध.
खेळलो. आमच्यावर कोट! चारी मेंढ्या बायांकडं. शेवटची मेंढी माझ्याच हातची, हुकमात मारली सुमननं. "नऊ नंबर" म्हणली, मी माझ्या हातानं तिचा हुकूम काढून माझ्याच दश्शीवर टाकला. असला अन्याव जगात कुटं नसंल.

ती हसली. तोंडावर पदर धरून हसती तसंच. वैशूनं तिकडनं इचारलं, "काय गं झालं?" तर हिला सांगता येईना.

"चहा करा आता," म्हणली. "दूध जास्त घालू नका, अक्काला खपत न्हाय." अक्का म्हंजे महादेवीवहिनी.

केला. ट्रेमधे चार कप ठेवून आणले. सायबण्णा बघायला लागला. चौथा मी पिला.

आज लई बरं वाटलं. झोपायच्या आधी लिहून टाकतो, लई बरं वाटलं.

८ डिसें., सोम.
रोज न्हाय, पण बाळ झोपलं की खेळतो. सुमन आता आधी खोलीत चक्कर मारायला लावती. फोन फिरवा. तुळशीला पाणी न्हाय वाटतं. तो कांदा कशाला तितं ठेवलाय? परत फिरवा. मग पत्ते.

आज डाव संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "सुमे, तू आलीस की मस्त चार-पाच तास बसायचं." सुमन म्हणली, "व्हय की." पण लगेच म्हणली न्हाय. जरा थांबून म्हणली. सायबण्णाच्या ध्यानात आलं न्हाय. माझ्या आलं. शेजारी बसून खेळणाऱ्याला दुसऱ्याचं थांबणं कळतं, हातात तो रंग नसला की माणूस थांबतो.

१४ डिसें., रवि.
डाव अर्धा राहिला. नीट लिहितो.

मी वाटली. माझ्या उजव्या हाताला सुमन, म्हंजे हुकूम तिनं ठेवायचा. "अकरा नंबर, पालथं ठेवा." मी पाठ धरून काढलं, चष्म्याच्या डबीखाली सरकवलं. तिच्याशिवाय कुणी बघितलं न्हाय. एक मेंढी आमच्याकडं आली, एक त्यांच्याकडं गेली. मग वहिनींनी चौकटची राणी उतरली. माझी पाळी. माझ्याकडं चौकट न्हाय. हुकूम खोला म्हणायला तोंड उघडलं अन् तिकडं बाळ रडलं. "थांबा, आले." फोन कुटंतरी उताणा ठेवला. पडद्यावर नुसता छताचा पंखा.

आमी थांबलो. आवाज यायला लागले.

वैशू म्हणाली, "आई, एकदा ठरव ना आता. तू इथंच राहा, कायमची. बाबांनाही बोलवून घे. सोलापूरचं घर भाड्यानं देऊन टाकू."

सुमन म्हणली, "ते न्हाईत यायचे."

"मग तू?"

बाळाला थोपटल्याचा आवाज. मग सुमन म्हणली, "मला काय पायजे ते कुणी इचारलंय का? तुला वाटतंय मी हितं राहावं. त्यांना वाटत असंल मी तितं असावी, पण तेबी म्हणत न्हाईत. फोन केला की 'राहा की', म्हणतात. राहा की म्हंजे काय? असली काय अन् नसली काय."

मग फोन बंद पडला. बॅटरी असंल.

वहिनी आपल्या पानांकडं बघत बसल्या, जणू त्यात काहीतरी वाचायचंय. सायबण्णानं पानं पालथी घातली. मी म्हणलो, पंख्याला धूळ लई हाय तिकडं.

१५ डिसें., सोम.
सायबण्णा सकाळीच आला. म्हणाला, "डाव मोडायचा न्हाय, तात्या." त्याच्या पानांना रबर लावून त्यानं खिशात घातली. वहिनींची वहिनींकडं, देवाच्या फळीवर. माझी माझ्याकडं. झालेले हात एका कागदात गुंडाळले. चौकटची राणी पडलीय ती पडलेलीच. ती मी उचलली न्हाय, चादरीवरच हाय. सुमनची पट्टी पानांसकट उचलून फळीवर ठेवली, पाठ माझ्याकडं, वर फडकं. हुकूम डबीखालीच. चष्मा आता खिशात घालून फिरतो, काचंवर चरे पडायला लागलेत.

सुमनचा फोन आला. बॅटरी गेली हुती म्हणली. काही ऐकू आलं का इचारलं न्हाय. मीबी सांगितलं न्हाय.

"हुकूम बघितला न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"खरं?"

"आईशप्पथ."

१९ डिसें., शुक्र.
डबी उचलली. पान उचललं न्हाय.

हिशोब करून बघितला. माझ्याकडं चौकट न्हाय म्हंजे तिघांत वाटलीय. सुमनची सवय, हातात ज्याची पानं जास्त तोच रंग ठेवायचा. पण कधी कधी एकुलतं पान ठेवती, सगळ्यांना गंडवायला. वहिनीसुद्धा फसतात, त्या तिच्या भिडू. चौकट असंल? इस्पिक असंल? इतकी वर्षं तिच्या शेजारी बसलो अन् मला पक्कं सांगता येत न्हाय.

पान उलटायला काय लागतंय. घरात कोण हाय बघायला?

डबी परत ठेवली. पानावर धूळ बसू नये म्हणून पुसली.

२४ डिसें., बुध.
ठरवून फोन लावला. सरळ इचारायचं, तुला काय पायजे? हितं का तितं? पाठ करून बसलो हुतो. तिनं उचलला.

"काय हो?"

म्हणलो, गॅसचं पुस्तक कुटं ठेवलंय?

"कपाटात, साड्यांच्या खाली."

"सापडलं सापडलं."

गॅसचं पुस्तक माझ्या हातातच हुतं.

३० डिसें., मंगळ.
करकंबवरनं पुतण्या हुरड्याची कणसं देऊन गेला. काकी कुटं, म्हणाला. पुण्याला. कवा येणार? म्हणलो, येईल की. त्यानं चहा पिला अन् गेला. हुरडा भाजायला दोन माणसं लागतात, एक भाजायला अन् एक चोळायला. कणसं सायबण्णाकडं दिली.

२ जाने., शुक्र.
सुमनचा फोन. बाळ आता कुशीवर वळतंय. मग सहज म्हणल्यासारखं म्हणली, "तो डाव अजून तसाच हाय काय? अक्का सांगत हुती. पत्ते अडकून पडलेत, तुमाला तिघांना खेळता येईना. उघडा की हुकूम. बघून टाका अन् मोडा डाव."

मी म्हणलो, बघू.

"बघू काय? मी म्हणते ना."

फोन ठेवला अन् चादरीवरच्या राणीशेजारी बसलो. मोडा डाव, म्हणली. ती कधी म्हणत न्हाय असं. हरता हरताबी शेवटचं पान टाकल्याशिवाय उठत न्हाय ती. एकदा ताप अंगात असताना सगळा डाव बसून खेळली हुती अन् वर आमच्यावर कोट चढवला हुता.

म्हंजे ठरवलंय का तिनं? का मी काय करतो ते बघतीय?

४ जाने., रवि.
वहिनी आल्या. हातात वाटी, पण वाटीसाठी आल्या न्हवत्या. चादरीवरच्या राणीकडं बघितलं. म्हणाल्या, "भाऊजी, एक बोलू? राग मानू नका."

बोला.

"त्या दिवशी पाळी तुमची हुती. तुमच्याकडं रंग न्हवता. इचारायचा हक्क कुणाचा? तुमचा. आमी तिघं इचारू शकत न्हाय. इचारल्याबिगर ती खोलायची न्हाय, ती तशीच हाय. मग इचारा की तिला."

म्हणलो, वहिनी, तिनं सांगितलं, मी हितं राहते, तर?

"तर कळलं."

"अन् मी तिकडं जाऊन काय करू? तिसरा मजला, खाली ओळखीचं कुत्रं न्हाय. जावयाच्या घरात सासऱ्यानं कुटं बसायचं?"

वहिनी म्हणाल्या, "तीबी तितं तशीच बसलीय न्हवं? तिला तरी कोण हाय तितं बोलायला?"

हे मला सुचलं न्हवतं. खरंच सुचलं न्हवतं. मला वाटायचं ती माणसांत हाय, मी एकटा. दर वेळी फोन फिरवून घर बघायची ते मी कुरकुर समजत हुतो.

वाटी हितंच विसरून गेल्या.

मला ती पायजे. लिहिलं. शाईनं लिहिलंय, आता खोडणार न्हाय. हितं पायजे का तितं पायजे ते मला माहीत न्हाय, पण माझ्या उजव्या हाताला पायजे.

५ जाने., सोम.
फोन केला.

"येतोय."

"कुटं?"

"पुण्याला. बुधवारी."

"कशाला? काय झालं? बरं न्हाय का?"

"बरा हाय. एक इचारायचंय."

"मग इचारा की."

"फोनवर न्हाय. शेजारी बसून."

मला वाटलं परत बॅटरी गेली. मग म्हणली, "स्वेटर आणा. हितं थंडी हाय. अन् तुळशीला सांगून या, म्हंजे अक्काला सांगून या पाणी घालायला." हसली की रडली कळलं न्हाय, व्हिडिओ न्हवता ना, नुसता आवाज.

७ जाने., बुध.
बुटाचं खोकं घेतलं. सुमनची पट्टी पानांसकट त्यात, वरनं तिचीच जुनी उशीची खोळ गुंडाळली, पानं हलू नयेत म्हणून. हुकूम चष्म्याच्या डबीत, पालथाच, डबीला रबर. माझी पानं सदऱ्याच्या खिशात. राणी उचलून वहिनींच्या हातात दिली. म्हणाल्या, "तुमी दोघं तितं पोचा, आमी दोघं हितं फोन लावून बसतो. मी हीच राणी परत उतरते. मग तुमची पाळी."

"अन् वहिनी, कानडी बोलायचं न्हाय हं."

"पुढच्या डावाला भिडू बदलू," वहिनी म्हणाल्या. "तुमी दोघं एकीकडं, आमी दोघं एकीकडं. मग बोला तुमीबी काय बोलायचं ते."

सायबण्णा स्टँडवर सोडायला आला. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली त्यानं, मला तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊच देईना. पिशवी एकच घेतली. दोन घेतल्या तर लोकांना वाटायचं कायमचा निघाला. एकीत दोन स्वेटर, वहिनींनी भाजून दिलेल्या हुरड्याची पिशवी, शेंगाची चटणी, टोपडं. खोकं मांडीवर, त्यावर डबी.

गाडी लागली, चढून खिडकीशी बसलो. सायबण्णा तिकीट घेऊन आला, सुटे माझ्या हातात ठेवले, अन् सवयीनं इचारलं, "परतीचं काढून ठेवू का? पुढं संक्रांत, गड्ड्याची जत्रा, गर्दी लई असती. तुझं पूर्ण लागंल, सुमनवैनींचं बायांचं अर्धं."

मी म्हणलो, नको.

"का रे? जागा मिळायची न्हाय."

म्हणलो, किती काढायची ते अजून माहीत न्हाय.

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खोक्याकडं. मग खिडकीतनं हात आत घालून डबीचं रबर नीट केलं. गाडी हलली. अक्षर वाकडं येतंय, रस्ता खराब हाय.